कंपनीची संस्कृती आणि आमची भवानी पेठ
(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

प्रकल्पासाठी विषय निवडावयाचा होता तेव्हा वर्गातील बहुतेकांनी लग्नसमारंभातील खर्च, झोपडपट्टीतील शिक्षण असे हाताशी असलेले विषय घेतले. मी 'सांस्कृतिक भिन्नता आणि कंपनीची संस्कृती' हा विषय घेतला. "हे एम.बी.ए.वाल्यांचे काम, तुला कशाला बे?" असे मित्रांनी विचारलेच. ज्ञानलालसा हे त्याचे उत्तर दिले तर ते खोटे ठरेल. त्याच्या दोनच महिने आधी पुण्यातील एका कंपनीच्या मुलाखतीत मी नापास झालो होतो, आणि नापास होण्याचे जे कारण कळवण्यात आले त्यात 'कल्चर' हा शब्द होता.

मुलाखत घेणारे तिघे होते. तिघेही सौजन्याने वागले. त्यांपैकी एकाने विचारले, "तुमच्या वरिष्ठाचे म्हणणे चुकीचे आहे असे तुम्हांला बैठकीत दिसले, तर काय कराल?" मी म्हणालो, "आधी त्यांचे पूर्ण ऐकून घेईन. मग बैठक संपल्यावर, त्यांना सवड असेल तेव्हा, बाजूला जाऊन सांगेन." तिघांनी एकमेकांकडे पाहिले. "आमच्याकडे सगळे मोकळे असते. इथे कोणी कोणाला सर म्हणत नाही," असे एक जण म्हणाला. त्यावर मी "होय सर" म्हणालो! आठ दिवसांनी कळले की माझे गुण चांगले आहेत, परंतु कंपनीच्या संस्कृतीशी माझा मेळ बसेलसे वाटत नाही.

भवानी पेठेत विणकराच्या घरी जन्मलेल्या, घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि कोपऱ्यावरच्या दुकानात कानडी ऐकत वाढलेल्या माणसाला 'तुझी संस्कृती जुळत नाही' असे कोणी सांगितले म्हणजे थोडे हसू येते आणि थोडे लागतेही. ही संस्कृती म्हणजे आहे तरी काय, ते पाहावे म्हणून मी ग्रंथालयाची पायरी चढलो.

सिंधू संस्कृती, भारतीय संस्कृती अशा भारदस्त गोष्टींना लावण्याचा हा शब्द कारखान्याला लावण्याची पद्धत तशी अलीकडची. एलियट जॅक्स या अभ्यासकाने लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीचा अभ्यास करून 'द चेंजिंग कल्चर ऑफ अ फॅक्टरी' हे पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध केले. पण शब्दाचा खरा बोलबाला झाला तो १९८० नंतर. जपानी मोटारी आणि जपानी यंत्रे अमेरिकेच्या बाजारात घुसली, आणि अमेरिकेतील व्यवस्थापकांना प्रश्न पडला की यंत्रे तीच, पोलाद तेच, मग यांना जमते ते आपल्याला का जमत नाही? १९८१ साली विल्यम औची यांचे 'थिअरी झेड' आले. १९८२ साली डील आणि केनेडी यांचे 'कॉर्पोरेट कल्चर्स' आणि पीटर्स-वॉटरमन यांचे 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' ही पुस्तके आली. सर्वांचे सांगणे साधारण एकच: कंपनी म्हणजे केवळ यंत्रे आणि हिशेब नव्हे, तिला रीतिरिवाज असतात, दंतकथा असतात. एडगर शाइन यांनी १९८५ साली या रीतिरिवाजांचे तीन थर सांगितले. सर्वांत वर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे गणवेश, बसण्याची व्यवस्था, बोलण्याची ढब. त्याखाली कंपनी आपल्याविषयी तोंडाने जे सांगते ते. आणि सर्वांत खाली, कोणी बोलून दाखवत नाही परंतु ज्यांवर सगळे चालते अशी गृहीते. तिसऱ्या थराकडे आपण पुन्हा येऊ.

आपल्याकडे शब्द नव्हता, पण वस्तू होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती कारखान्याभोवतीची एक वसाहतच होती. तेथून १९२० साली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' या पत्रातून पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले. कारखान्याच्या पोटी मासिक जन्माला येते याला संस्कृती नाही तर काय म्हणावे?

या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात एक नाव हटकून भेटते, ते गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाचे. आय.बी.एम. या कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांनी १९६७ ते १९७३ या काळात भरून दिलेल्या सुमारे १,१६,००० प्रश्नावल्या त्यांच्यापाशी होत्या. युक्तिवाद असा की कंपनी एकच, कामे सारखीच, नियमही सारखेच. तेव्हा उत्तरांत जो फरक दिसेल तो देशोदेशींच्या संस्कृतीचा. १९८० साली 'कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस' हा ग्रंथ आला तेव्हा त्यात चाळीस देशांचे आकडे होते, आणि कंपनीचे नाव झाकून तिला 'हर्मीस' म्हटले होते. त्यांनी काढलेल्या मोजमापांपैकी एक आहे 'सत्ता-अंतर'. कनिष्ठ माणसे सत्तेची विषमता कितपत गृहीत धरून चालतात आणि मान्य करतात, त्याचा हा आकडा. ऑस्ट्रियाचा ११, अमेरिकेचा ४०, फिलिपीन्सचा ९४, आणि भारताचा ७७.

सत्याहत्तर! तो आकडा वाचल्याबरोबर मला मुलाखतीचे ते तीन चेहरे आठवले. म्हणजे मी नापास झालो नव्हतो, सत्तर कोटी की सव्वाशे कोटी माणसांच्या वतीने माझा निकाल आधीच लागला होता. वर्गात मी हे बोलून दाखवले तेव्हा सरांनी फक्त एवढे विचारले, "प्रश्नावली भरणारे ते भारतीय कोण होते?" प्रश्न साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा. आय.बी.एम.ने १९७८ साली भारतातला आपला कारभार गुंडाळला. त्या आधीच्या तिच्या कचेऱ्यांत काम करणारी माणसे शहरी, इंग्रजी शिकलेली, संख्येने थोडी. हॉफस्टेड यांच्यावरील एका गाजलेल्या टीकेत ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली हाच मुद्दा मांडला, की एका कंपनीच्या मूठभर नोकरांवरून राष्ट्राचा स्वभाव काढता येत नाही.

तेव्हा मी प्रकल्पाची मांडणी उलटी करायचे ठरवले. हॉफस्टेड यांनी कंपनी एक धरली आणि देश बदलले. मी देश एक, शहर एक, जात एक, इतकेच काय, घरसुद्धा एक धरले आणि कामाची जागा बदलून पाहिली. त्यासाठी मला फार हिंडावे लागले नाही. आमच्या घरातच तीन 'कंपन्या' आहेत. पणजोबा गिरणीत होते, वडील कारखान्यात आहेत आणि अव्वा, म्हणजे माझी आजी, विड्या वळते.

गिरणीपासून सुरुवात करतो. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ सालची. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या आल्या. या गिरण्यांत आणि मागांवर मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारी माणसे एकत्र आली. निजामाच्या मुलुखातून आलेले पद्मशाली होते, कुरुहिनशेट्टी होते, साळी होते, मोमीन होते; आणि 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारून ज्यांना सेटलमेंटच्या कुंपणात ठेवले होते ते लोकही तेथून हजेरी देऊन गिरणीत कामाला येत. अमक्या भाषेची गिरणी असे काही नव्हते. भोंगा मात्र सर्वांना एकाच भाषेत हाक मारी. पणजोबांच्या गोष्टी मी वडिलांकडून ऐकल्या, त्यांत मालकाचे नाव कधी येत नाही. येतो तो जॉबर, भोंगा आणि दारावरचा दरवान. मालक त्यांनी पाहिलाच नव्हता. लग्नाला तो आला नाही आणि मयतालाही आला नाही.

परंतु या कोरड्या नात्याची दुसरी बाजू इतिहासात सापडते. १९४९ साली जुनी मिल बंद पडली तेव्हा सरकारने आधी अध्यादेशाने आणि मग १९५० च्या कायद्याने तिचा कारभार ताब्यात घेतला. गैरव्यवस्थेने उत्पादन थांबले आणि लोकांत मोठी बेकारी माजली, असे कारण त्या कायद्याच्या प्रास्ताविकात दिले आहे. चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा अर्ज फेटाळला गेला. घटना लागू झाली त्याच वर्षीचा हा निकाल असल्याने कायद्याच्या विद्यार्थ्यांना सोलापूर गिरणीचे नाव आजही पाठ असते, आणि आम्हां सोलापूरकरांना बहुधा ते ठाऊक नसते. सांगायचे ते असे की ज्याने मालक पाहिला नाही त्या कामगारासाठी कायद्याचा कागद तरी होता.

कारखान्याची गोष्ट निराळी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की आमच्या पेठेत 'कारखाना' म्हणजे धुराडे असलेली इमारत नव्हे. पुढे मालकाचे घर, मागे किंवा तळमजल्यावर माग. पूर्वी हातमाग होते, आता यंत्रमाग. पूर्वी साड्या निघत, नंतर सोलापुरी चादर आणि टॉवेल. गोखले संस्थेसाठी र. गो. काकडे यांनी सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी केली, तिचे पुस्तक १९४७ साली निघाले. ते चाळताना आमच्या गल्लीतच फिरत असल्यासारखे वाटले. मालक आणि कामगार बहुधा एकाच जातीचे, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथापुढे दोघेही चालणार. वडील मालकांना 'अण्णा' म्हणतात. अण्णा आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाला आले आहेत. माझ्या आत्याच्या लग्नात लागलेली रक्कम त्यांनीच उचल म्हणून दिली. त्या उचलीला कागद नव्हता, व्याजही नव्हते. फक्त एवढेच की ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जायचे नाही, हे न बोलता ठरलेले होते.

शाइन यांचा तिसरा थर तो हाच, हे मला वाचताना उमगले.

एकदा वडिलांना दुसरीकडे जेकार्डच्या मागावर बरा दर मिळत होता. त्यांनी अण्णांपुढे तो विषय सहा महिने काढला नाही. शेवटी माझ्या मामांनी देवळाच्या ओट्यावर, इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलता बोलता, तो अण्णांच्या कानावर घातला. अण्णा म्हणाले, "बघू." त्याचा अर्थ 'नाही' असा होता, हे दोघांनाही कळले. हॉफस्टेड यांच्या तक्त्यात हे सगळे 'सत्ता-अंतर' या सदरात जमा होईल. पण वडिलांना ती विषमता मान्य होती का? मी त्यांना सरळ विचारले. ते म्हणाले, "मान्य कशाला असेल? पण तोंडावर बोललो असतो तर पुढच्या अडीअडचणीला कोणाच्या दारात उभा राहिलो असतो?" कागद नसलेल्या व्यवहारात तोंडचे शब्द हेच कागद असतात, म्हणून ते जपून वापरावे लागतात.

या पद्धतीचे गोडवे गावेत असे मात्र मला वाटत नाही. एका कारखान्यात जेकार्डच्या पुठ्ठ्यांच्या माळेत एक पुठ्ठा उलटा बसला होता. टॉवेलवरचे फूल देठापाशी तुटलेले येत होते. ते पहिल्या टॉवेललाच मागावरच्या माणसाला दिसले, शेजारच्यालाही दिसले. पण पुठ्ठे मालकांच्या थोरल्या मुलाने स्वतः बसवले होते. चाळीस टॉवेल निघाल्यावर मालकांच्या स्वतःच्याच नजरेला ते पडले. चाळीस टॉवेलांचे नुकसान कोणाच्या मजुरीतून गेले ते सांगत नाही. पुण्याच्या त्या तिघांना माझे उत्तर का आवडले नसेल, ते मला ही गोष्ट लिहिताना थोडेसे कळले.

आता अव्वा. प्रकल्पातील सर्वांत अधिक पाने तिच्यावर खर्च झाली आहेत. ती चाळीस वर्षे विड्या वळते. कारखान्याच्या शाखेतून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, पाने भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंडले नेऊन द्यायची. मजुरी हजारावर. शाखेत चेकर बंडल हातात घेतो, दाबतो, दोन-चार विड्या काढून पाहतो, आणि नापसंत त्या बाजूला टाकतो. यालाच छाट म्हणतात. छाट गेलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. विडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्राचा कायदा झाला, त्याखाली राज्यांनी केलेल्या नियमांत 'छाट' हाच शब्द घालून तिला मर्यादा ठरवण्यात आली. म्हणजे दुखणे किती जुने आणि किती सर्वत्र, ते दिसते.

मी वही घेऊन दोन सकाळी शाखेत अव्वाशेजारी बसलो. चेकर काहीही म्हणाला की अव्वा म्हणे, "सरे." तेलुगूत सरे म्हणजे ठीक आहे, बरे. पहिल्या दिवशी मी वहीत लिहिले: 'होकार, आठ वेळा.' घरी आल्यावर तिला वही वाचून दाखवली तेव्हा ती हसू लागली. तिच्या म्हणण्याप्रमाणे आठांपैकी दोनच होकार होते. चारदा ती नुसते 'ऐकले' असे म्हणाली होती. आणि दोनदा, जेव्हा त्याने चांगल्या विड्याही बाजूला टाकल्या तेव्हाचे, ते सरे म्हणजे 'बाबा, तुझे चालू दे, मी पाहून ठेवले आहे' असे होते. दुसऱ्या दिवशी मी कान देऊन ऐकले. खरोखरच तीन सरे निराळे आहेत. शेवटच्यात 'स' थोडा लांबतो आणि मान हलत नाही. रांगेतल्या सगळ्या बायकांना ते कळते. चेकरलाही कळते, असे अव्वा म्हणते; कारण अशा सरे नंतर तो पुढच्या बंडलात हात आखडता घेतो.

एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने 'बियाँड कल्चर' या १९७६ सालच्या ग्रंथात म्हटले आहे की काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, तर काहींत तो शब्दांभोवतीच्या संदर्भात असतो. दुसऱ्या प्रकारच्या समाजातील माणूस पहिल्या प्रकारच्या माणसाला आतल्या गाठीचा वाटतो, आणि पहिला दुसऱ्याला उद्धट. याचा अनुभव आम्हां सोलापूरकरांना पुण्यात नेहमी येतो. आमचा 'बे' तिकडे शिवी समजला जातो; इकडे तो प्रेमाचा शब्द आहे, आणि मित्राने बे म्हणायचे सोडले तरच काहीतरी बिनसले आहे असे समजावे. हॉल यांचे म्हणणे पटते. फक्त एक भर घालावीशी वाटते. अव्वा घरात, शेजारणींशी, भाजीवालीशी बोलते तेव्हा अर्थ शब्दांतच असतो, आणि तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. संदर्भात लपलेले बोलणे ती फक्त चेकरपुढे बोलते. मग ती संस्कृती अव्वाची म्हणायची की त्या टेबलाची?

आणि याच बायकांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रिया घरांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिल्या, आणि सोलापूरजवळ कुंभारी येथे त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. सकाळी चेकरपुढे सरे म्हणणारी बाई दुपारी जिल्हाधिकारी कचेरीपुढे घोषणा देत बसलेली असे. १९३० साली मार्शल लॉ पुकारावा लागला ते हेच शहर, हे चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या आपणा सर्वांना मी सांगायला नको. तरीही आमचा आकडा सत्याहत्तर!

हॉफस्टेड यांचा तक्ता मी एका रात्री अव्वाला तेलुगूत समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "कागद भरत होते तेव्हा चेकर समोर बसला होता का?" हा प्रश्न मी प्रकल्पाच्या 'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात जसाच्या तसा घातला आहे.

राहता राहिली मोकळी संस्कृती. माझा चुलतभाऊ पुण्यात अशाच एका कंपनीत आहे. तो साहेबाला नावाने हाक मारतो, त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवतो. त्याचे मला अप्रूप वाटते, कारण अण्णांच्या घरी वडील अजून चटईच्या कडेला बसतात. पण दिवाळीत तो घरी आला असता रात्री दहाला साहेबाचा फोन आला आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटावरून उठून तो तासभर गच्चीवर बोलत होता. "नाही म्हणता येत नाही का?" असे मी विचारले. तो म्हणाला, "म्हणता येते की. कोणी अडवत नाही. फक्त कोणी म्हणत नाही." तिसरा थर तिथेही आहे, तर!

याचे मोठे उदाहरण मारुती-सुझुकीचे. १९८२ साली सुझुकीशी करार झाला आणि १९८३ अखेर पहिली गाडी बाहेर पडली. व्यवस्थापकापासून कामगारापर्यंत एकच गणवेश, एकच उपाहारगृह, साहेबांना बंद खोल्या नाहीत, ही जपानी रीत तेव्हा भारतात नवलाची ठरली आणि तिचा लौकिक झाला. तो खोटा नव्हता. परंतु २०११ साली त्याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यात संप झाले, आणि जुलै २०१२ मध्ये हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा जीव गेला. त्या हिंसेचे समर्थन होऊच शकत नाही. तंट्याच्या मुळाशी मात्र वेगळ्या युनियनला मान्यता आणि कंत्राटी कामगारांचे वेतन हे प्रश्न होते. कपडे एक होते, पगार एक नव्हते.

म्हणून प्रकल्पात मी असे लिहिले आहे की कामाच्या जागेची संस्कृती पाहावयाची असेल तर कोण कोणाला कसे हाक मारतो ते आधी पाहू नये. मजुरी कशावर मोजली जाते, चुकीचा भुर्दंड कोणाच्या खात्यावर पडतो, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काय होते, या तीन गोष्टी आधी विचाराव्यात. घरच्या तीन कामांत हे तिन्ही निराळे निघाले आणि त्याप्रमाणे माणसांचे बोलणेही निराळे निघाले. सरांनी शेरा मारला की तीन माणसांवरून नियम काढणे हा हॉफस्टेडपेक्षा मोठा दोष आहे. शेरा योग्य आहे. पुढील वर्षी कोणी हा विषय घेतला तर मोमीन विणकरांचे कारखाने आणि कानडी घरे यांतही जावे. माझ्या वह्या मी देईन.

येत्या महिन्यात आणखी एका कंपनीची माणसे मुलाखतींसाठी महाविद्यालयात येणार आहेत. बैठकीचा तोच प्रश्न आला तर उत्तर मी थोडे बदलणार आहे. चूक टॉवेलच्या फुलाची असेल तर पहिल्याच टॉवेलला, सर्वांसमक्ष सांगेन. चूक माणसाची असेल तर बाजूला जाऊन सांगेन. आणि 'नाही' म्हणणाऱ्याचे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी काय होते, तेही विचारणार आहे. 'सर' म्हणावे की नाही ते अजून ठरत नाही. वडील म्हणतात, त्यांना नको असेल तर म्हणू नये. अव्वा म्हणते, म्हणावे, आपले काय जाते?